ठासणीच्या बंदुकीची दारू: तोलायची नाही, मापायची

अमेरिकेतील अनेक राज्यांत हरणांच्या शिकारीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम असतो. या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने (ठासण्याच्या काठीने) दाबतात. नवशिक्याला ०.५० कॅलिबरची (सुमारे १२.७ मिलिमीटर व्यासाची) साधी, स्वस्त बंदूक पुरते, जुनी घेताना नळी आतून गंजलेली नाही एवढे मात्र नीट पाहावे.

घोळ होतो तो दारूच्या मोजमापात. ग्रेन (सुमारे ०.०६५ ग्रॅम) हे वजनाचे एकक, म्हणून दारू तराजूवर तोलावी असे वाटणे स्वाभाविक आहे. पण इथे ग्रेन म्हणजे तेवढ्या वजनाची काळी दारू जितकी जागा व्यापते ती जागा. तांदूळ मापट्याने मोजतात, तशीच ही दारू मापाने घ्यायची. पायरोडेक्स ही पर्यायी दारू काळ्या दारूपेक्षा बरीच हलकी असते. ती तोलून १०० ग्रेन घातली, तर दारूचा भार धोकादायक इतका वाढतो. काडतुसातली धूरविरहित दारू तर कधीच घालू नये, नळी फुटते. गोळी आणि दारू यांत पोकळी राहिली तरी तोच धोका. म्हणून गोळी पूर्ण बसल्यावर गजावर नळीच्या तोंडापाशी खूण करावी आणि दर वेळी ती जुळते का, हे तपासावे.