खुनी कोण, हे ठाऊक असलेला वाडा

१९४९ सालच्या ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ या ब्रिटिश चित्रपटात ड्यूकची गादी मिळावी म्हणून एक दूरचा वारस आड येणाऱ्या नातलगांना एकामागून एक संपवतो. त्या उमराव घराण्यातल्या आठ जणांची कामं एकट्या अ‍ॅलेक गिनेसनं केली आहेत. शिरूर कासारच्या माणसाला त्यातलं इंग्लंड परकं वाटत नाही. गढी, वारसा आणि भाऊबंदकी आमच्या मराठवाड्याला कुणी शिकवायला नको.

खानदानी घरातल्या खुनाचा मराठी चित्रपट मात्र त्याआधीच आला होता. १९४४ साली ‘प्रभात’नं ‘रामशास्त्री’ काढला. त्यातलं घर म्हणजे शनिवारवाडा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणपतीच्या दिवसांत, पगार थकल्याचा दंगा करत गारदी आत घुसले. अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे जीव वाचवायला धावले ते काकाकडेच. त्यांनी रघुनाथरावांना मिठी मारली आणि तिथेच त्यांचा खून झाला.

या काकाचं आमच्या जिल्ह्याशी नातं आहे. शिरूरहून गेवराईच्या बाजूला गेलं की गोदाकाठी राक्षसभुवन लागतं. १० ऑगस्ट १७६३ रोजी तिथे निजामाच्या फौजेशी लढताना रघुनाथराव वेढ्यात सापडले होते आणि पुतण्या माधवराव पेशव्यांनी त्यांना सोडवलं. दहा वर्षांनी त्याच माधवरावांचा धाकटा भाऊ नारायणराव या काकाच्या कटात मेला. ही गोष्ट कळल्यापासून मला राक्षसभुवनचा विजय निखळ आनंदानं आठवता येत नाही.

ब्रिटिश रहस्यपटाची नेहमीची रीत अशी, की सगळ्यांना दिवाणखान्यात जमवायचं आणि शेवटी गुन्हेगाराकडे बोट दाखवायचं. ‘रामशास्त्री’ पाहायला आलेल्या प्रेक्षकाला खुनी आधीच माहीत. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’नं १९०९ सालीच हा खून रंगभूमीवर आणला होता. तरी श्वास अडकतो, कारण खुनी आता गादीवर बसला आहे आणि त्याच्या तोंडावर सांगायचं कुणी? न्यायाधीशच चाकर, धनीच आरोपी. गजानन जागीरदारांचे न्यायाधीश रामशास्त्री देहांत प्रायश्चित्त सांगतात, तेव्हा आपलीच मान ताठ होते. ललिता पवारांनी रंगवलेली रघुनाथरावांची बायको आनंदीबाईही विसरता येत नाही. इतिहासातले रामशास्त्री त्यानंतर पुणं सोडून वाईजवळच्या पांडेवाडीला निघून गेले. मला हा पेच दिवाणखान्यातल्या कोड्यापेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

पुढच्या मराठी रहस्यपटातही न्यायालय सुटलं नाही. राजा परांजप्यांच्या ‘पाठलाग’मध्ये (१९६४) मेलेल्या बायकोच्याच चेहऱ्याची बाई आरोपी म्हणून समोर येते. दोनच वर्षांत राज खोसलांनी त्यावरून ‘मेरा साया’ केला आणि कथा ठाकुराच्या हवेलीत गेली. हवेली देखणी आहे, नायिका साधनाही. पण ‘पाठलाग’मधल्या काशीनाथ घाणेकरांच्या डोळ्यांतला संशय मला जास्त खरा वाटतो.

१९७६ साली वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ आला. गाण्यांनी त्याला घराघरांत नेलं, आणि लोक आज त्याची आठवण काढतात ती बहुधा गाण्यांसाठीच. हा त्या चित्रपटावर थोडा अन्याय आहे. खून दाखवण्याऐवजी त्यानं वाड्यातल्या एका बाईची भीती दाखवली, आणि आशा काळेंनी ती भीती पार अंगात भिनवली. वाड्यातल्या बायकांनी काय सोसलं, हे ‘रामशास्त्री’नं विचारलं नव्हतं, तो प्रश्न इथे आला.