पेहरावाचा धडा आजीच्या पेटीत

लग्नसराई आली की सिनेमातली, मोबाइलवरची साडी डोळ्यांत भरते. पण आपल्याला काय शोभते हे ठरवायला आधी घरातली जुनी पेटी उघडा.

भोर-वेल्ह्याकडे भातलावणी चिखलात वाकून करायची. तिथे नऊवारीच्या काष्ट्याने पाय मोकळे राहतात, काठ चिखलात लोळत नाही. पेटीत इलकलची इरकल सापडली तर नीट पाहा. गडद अंगावर डाग दिसत नाही आणि तांबड्या रेशमी पदरावरची पांढरी नक्षी लांबूनही उठून दिसते. सोय आणि शोभा एकाच वस्त्रात!

नऊवारी नेसवत नसेल तर आग्रह नाही. गडद रंग, ठसठशीत काठ, सुती पोत एवढे तिच्याकडून घ्या. साडी विरली असेल तर तिचा धड काठ साध्या झंपराला लावा.

चुलीपुढे मात्र नायलॉन नकोच. ते पेटले की वितळून कातडीला चिकटते. सुती नेसा, पदर खोचूनच बसा.

दुकानात स्वतःला विचारा: यात मला वाकता येईल का? पुढच्या वर्षीही हौसेने नेसेन का? दोन्हींना ‘हो’ आले तरच पैसे मोजा. बियाणे आपण जमीन पाहून निवडतो. कापडही तसेच निवडावे.