वादी शाब : आधी चाल, मग डोह

डोंगरातून समुद्राकडे उतरणाऱ्या आणि एरवी कोरड्याच असणाऱ्या नदीपात्राला ओमानमध्ये ‘वादी’ म्हणतात. मस्कतहून सूरकडे जाणाऱ्या किनारी महामार्गावर, सुमारे दीडशे किलोमीटरवर, तिवी गावाजवळची वादी शाब मात्र कोरडी पडत नाही. पूर्व हजर डोंगररांगेतल्या चुनखडीत मुरलेले पाणी इथे झऱ्यांवाटे बाहेर येते आणि उभ्या कड्यांच्या तळाशी हिरवट-निळे डोह बाराही महिने भरलेले राहतात. चालत जाऊन, पोहून, अंधारापूर्वी परतायचे तर ऊन, वेळ आणि पाणी या तिन्हींचा हिशेब आधी करावा लागतो.

ऑक्टोबर ते एप्रिल हा उत्तम काळ. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि तापलेले कातळ उष्णता परत फेकतात. शुक्रवार-शनिवार ही तिथली साप्ताहिक सुट्टी, त्यामुळे त्या दिवशी गर्दी असते. मस्कतहून पहाटे सहाला निघाले की आठच्या सुमारास वादीच्या तोंडाशी पोहोचता येते. महामार्गाच्या पुलाखाली गाडी ठेवून छोट्या होडीने पैलतीर गाठायचा. ही होडी संध्याकाळी बंद होते. म्हणून शेवटच्या होडीची वेळ उतरण्यापूर्वीच विचारून घ्यावी आणि दिवस तिच्यापासून उलटा मोजावा.

पैलतीरापासून पाऊण ते एक तासाची चाल. सुरुवातीला खजूर आणि केळीच्या बागा, त्यांना पाणी पुरवणारे ‘फलज’ नावाचे जुने पाट. पुढे मोठमोठे धोंडे आणि कड्यालगतची अरुंद वाट. गुळगुळीत झालेली चुनखडी ओली असली की पाय हमखास घसरतो. त्यामुळे चपला नकोत. ओले झाले तरी चालतील असे, पकड असलेले बूट हवेत. माणशी दोन-तीन लिटर पाणी, खारे दाणे, टोपी आणि फोनसाठी वॉटरप्रूफ पिशवी पुरते. गाव जवळच असल्याने खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालण्याची रीत आहे. टी-शर्ट घालूनच पोहावे.

वाट संपते तिथे पोहणे सुरू होते. एकामागून एक डोह लागतात. काही ठिकाणी पाय टेकतात, काही ठिकाणी मुळीच नाही; पोहण्यात कच्च्या माणसाला लाइफ जॅकेट हवेच. शेवटी दोन कातळांमध्ये जेमतेम डोके मावेल एवढी फट आहे. हनुवटी वर धरून तिच्यातून सरकले की आत गुहा आणि तिच्यात कोसळणारा धबधबा दिसतो. पाणी चढलेले असेल तर फट बुडते; अशा वेळी बुडी मारून आत जाण्याचे धाडस करू नये.

खरा धोका अचानक येणाऱ्या लोंढ्याचा. हजरचे डोंगर उघडेबोडके आहेत; पाऊस अडवायला ना माती, ना झाडी. वर सर पडली की सगळे ओहोळ याच घळीत उतरतात, आणि तेव्हा डोक्यावर कडक ऊन असू शकते. म्हणून हवामानाचा अंदाज किनाऱ्याचा नव्हे, डोंगराचा पाहावा. पाणी गढूळ झाले, काटक्या वाहत आल्या किंवा वरून घरघर ऐकू आली, तर सामान सोडून लगेच उंच जागी चढावे. पात्रातून पळत सुटू नये. घळीत मोबाइलची रेंज भरवशाची नसते, म्हणून परतण्याची वेळ कुणाला तरी सांगून जावे.

डोह कुठे जात नाहीत. डोंगरावर ढग दिसले, तर बेत पुढच्या आठवड्यावर ढकलावा.