चित्रातले पात्र आणि गाणारा गळा

चिनी संगीतनाटकांतील पात्रे शाईच्या कुंचल्याने कागदावर उतरविणारे ग्वान लिआंग (1900–1986) यांचे नाव आपल्याकडे फारसे परिचित नाही. परंतु टोकियोत पाश्चात्त्य तैलचित्रणाचे रीतसर शिक्षण घेतलेल्या या चित्रकाराने पुढे रंगमंचावरचे सेनापती आणि विदूषक मोजक्या काळ्या फटकाऱ्यांत उभे केले. त्या रंगभूमीने मुखाचे रंगही आधीच ठरवून ठेविले आहेत, तांबडे मुख निष्ठावंताचे आणि पांढरे कपट्याचे. म्हणून चित्रकाराला तेथे माणूस रंगवावयाचा नसतो, पात्र रंगवावयाचे असते.

हा भेद गोदावरीच्या खोऱ्यातील मानवतसारख्या गावच्या वाचकाला समजावून सांगण्यास चीनपर्यंत जाण्याचे कारण नाही. याच नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या पैठणच्या नावाने ओळखली जाणारी जुनी कथाचित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जतन केलेली आहेत, आणि त्यांच्याशी अगदी जवळचे नाते सांगणारी चित्रकथी परंपरा कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने आधी सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने आणि ते संपल्यावरही आजतागायत चालविली आहे. चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात येतो, एवढा या व्यवसायाचा वारसा जुना आहे.

या चित्रांतील राम किंवा रावण यांच्या मागे ना आकाश असते, ना दूर जाणारी वाट. एका बाजूने दिसणारा चेहरा, त्यावर मोठा टपोरा डोळा, ठसठशीत काळी रेषा आणि तिच्या आत सपाट भरलेला रंग, एवढ्याच सामग्रीवर सारा प्रसंग उभा असतो. हे चित्रकाराचे अज्ञान नव्हे. पिंगुळीची तीच मंडळी चामड्याच्या बाहुल्याही नाचवितात, आणि पडद्यावर पडणाऱ्या सावलीला केवळ बाह्यरेषाच बोलती करू शकते. ती शिस्त कागदावरच्या पात्रांतही दिसते, असे मला ही चित्रे पाहताना निश्चित वाटते. शिवाय एका कथेची चित्रे मिळून जी पोथी होते, ती स्वस्थपणे डोळ्यांसमोर धरून पाहण्यासाठी रचलेलीच नाही: कथेकरी एकेक चित्र उचलून समोर धरतो आणि वीणा, टाळ व हुडुक यांच्या साथीवर गातो, तेव्हा दूर बसलेल्या श्रोत्याला पात्र क्षणार्धात ओळखू आले पाहिजे. सीतेचा शोक तो गळा सांगतो. रेषेने फक्त सीता दाखवावी.

म्हणूनच काचेआड लटकलेली ही चित्रे पाहताना मला त्यांचे अर्धे अंग हरवल्यासारखे वाटते. पिंगुळीचे चित्रकथी कलावंत परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचे संग्रहालय केले, 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्या अंगणात चित्रासोबत गायनही ऐकू येते, ही गोष्ट मला त्या सन्मानाहूनही मोठी वाटते. बाजारात मागणी मात्र सुट्या, भिंतीवर टांगण्याजोग्या चित्रांची आहे. पोथी उलगडून रात्रभर कथा ऐकणारा श्रोता गावोगाव पुन्हा जमला पाहिजे, आणि मराठवाड्यातील कीर्तनसप्ताहांनी या कथेकऱ्यांना एक रात्र द्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.