बधिर पाय आणि पऱ्हाटीचं रान

वणीहून दक्षिणेकडे निघालं की झरी-जामणी तालुक्यात मुकुटबन लागतं. चुनखडीच्या दगडाचा हा भाग, म्हणून इथं सिमेंटचा कारखाना आहे. आजूबाजूला मात्र काळी जमीन, कापूस आणि तूर, गोंड-कोलामांचे पोड म्हणजे वस्त्या, आणि पलीकडे पैनगंगेपार तेलंगणा. या रानात कापूस निघून गेल्यावर पऱ्हाटीची धसकटं उभी राहतात. ती पायात घुसली की माणूस ओरडतो, खाली बसतो, काटा काढतो. ज्याला कुष्ठरोगानं तळपायाची संवेदना उरलेली नाही, तो ओरडत नाही. तो संध्याकाळपर्यंत तसाच चालतो. कुष्ठरोगाचे उपचार आणि पुनर्वसन कसं चालतं, हे समजून घ्यायचं तर या न दुखणाऱ्या पायापासूनच सुरुवात केलेली बरी.

रोगाचा जंतू १८७३ साली नॉर्वेतल्या बर्गन शहरात गेरहार्ड आर्मोर हॅन्सन यांनी शोधला. हा जंतू विलक्षण मंद आहे. एकाचे दोन व्हायला त्याला साधारण बारा-चौदा दिवस लागतात. म्हणून अंगात शिरल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीसही. त्याला थंडावा मानवतो, त्यामुळे तो कातडी, नाक, डोळ्याचा पुढचा भाग आणि कातडीलगत धावणाऱ्या नसा इथे वस्ती करतो. विजेच्या तारेवर रबराचं आवरण असतं तसं नसेच्या तंतूंवर पेशींचं आवरण असतं. जंतू नेमका त्यातच शिरतो. शरीर त्याच्याशी झगडायला लागलं की नस सुजते, आणि कोपर, गुडघा, घोटा अशा अरुंद जागी ती आतल्या आत दाबली जाऊन मरते.

रोग पसरतो तो बराच काळ जवळ राहिलेल्या, उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाका-तोंडातून उडणाऱ्या थेंबांवाटे. शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव लोकांना उपजतच प्रतिकारशक्ती असते, त्यांना तो होत नाही. गोळ्या सुरू झाल्यावर रुग्णापासून लागण होण्याची शक्यता फार लवकर संपते. त्याची थाळी वेगळी ठेवण्याचं, त्याला गोठ्यात झोपवण्याचं कसलंही कारण उरत नाही. हे कितीदा सांगितलं तरी कमीच आहे.

ओळख कशी पटते? अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा येतो. तो खाजत नाही, दुखत नाही, आणि तिथं स्पर्श कळत नाही. नेमकं याचमुळे माणूस दवाखान्यात जात नाही: जे दुखत नाही त्यासाठी मजुरी कोण बुडवेल? कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो आणि त्यावर स्पर्श पूर्ण कळतो, त्यामुळे त्याची गल्लत करू नये. तपासणीला मोठं यंत्र लागत नाही. डोळे मिटायला सांगून कापसाच्या वातीनं किंवा बॉलपेननं चट्ट्यावर हलकेच टेकवायचं आणि कुठं टेकलं ते बोटानं दाखवायला सांगायचं. मग कोपराच्या आतल्या बाजूची आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस चाचपायची. ती दोरीसारखी जाड लागते का, दाबल्यावर दुखते का ते बघायचं. गावात आशाताई संशयित शोधते, आरोग्य केंद्रातले डॉक्टर निदान पक्कं करतात.

एक ते पाच चट्टे असतील तर सहा महिने, त्याहून जास्त असतील, नसांवर परिणाम असेल किंवा जंतू तपासणीत सापडले तर बारा महिने, असा बहुविध औषधोपचार चालतो. तीन औषधं असतात: रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन. रिफॅम्पिसिन महिन्यातून एकदा, तेही आरोग्य कर्मचाऱ्यासमोर. बाकीच्या गोळ्या घरी रोज. एकच औषध दिलं तर जंतू त्याला सरावतो, हे १९४० नंतरच्या डॅप्सोनच्या काळात कळून चुकलं होतं. म्हणून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेनं औषधं एकत्र देण्याची ही पद्धत सुचवली. १९९५ पासून जगभर ती मोफत मिळते. महिन्याच्या गोळीनंतर लघवी लाल होते, ते रक्त नसतं. क्लोफाझिमिननं कातडी काळवंडते, पण औषध संपल्यावर हळूहळू मूळ रंग परततो. या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी नीट समजावल्या नाहीत तर माणूस घाबरून पाकीट कोनाड्यात टाकून देतो.

दुसरी अडचण या भागातली खास. कापूस वेचायला, ऊसतोडीला कुटुंबंच्या कुटुंबं परगावी जातात. अशा वेळी पुढच्या महिन्यांची पाकिटं सोबत मागून घ्यावीत, तशी सोय सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमात आहे. सहा महिन्यांचा उपचार जास्तीत जास्त नऊ महिन्यांत आणि बारा महिन्यांचा दीड वर्षात पुरा झाला, तरी तो पुरा धरतात. खंड पडला म्हणून लाजून घरी बसू नये.

गोळ्यांनी जंतू मरतात. मेलेली नस मात्र गोळ्यांनी जगत नाही. माझ्या मते सगळ्या कार्यक्रमात सर्वांत कमी बोललं गेलेलं वाक्य हेच आहे. आपण ‘रोगमुक्त’ असा शिक्का मारतो आणि माणूस वाकडी बोटं घेऊन घरी जातो.

उपचाराच्या आधी, चालू असताना किंवा संपल्यावरही शरीराची जंतूंविरुद्ध चाललेली लढाई अचानक भडकते. तिला रिअॅक्शन म्हणतात. चट्टे लाल होऊन फुगतात, किंवा अंगावर दुखऱ्या गाठी येऊन ताप चढतो, नस ठणकते, आणि काही दिवसांत हाताची पकड जाते. रोग उलटला, गोळ्या बाधल्या असं समजून लोक नेमकी त्याच वेळी औषधं सोडतात. खरं तर तेव्हा गोळ्या चालूच ठेवून डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रेडनिसोलोन द्यावं लागतं, आणि ते काही महिने हळूहळू कमी करत न्यावं लागतं. नसेचं नुकसान सहा महिन्यांच्या आतलं असेल तर ते भरून येण्याची चांगली आशा असते. त्यानंतर ती झपाट्यानं घटते. म्हणून प्रत्येक भेटीत करंगळी बाजूला नेता येते का, अंगठा वर उचलता येतो का, पाऊल घोट्यापासून वर येतं का, डोळा घट्ट मिटतो का, एवढं तरी तपासायलाच हवं. ही तपासणी पाच मिनिटांची आहे.

आता पुन्हा पायाकडे. कुष्ठरोगानं बोटं झडतात हा समज जुना आहे. बोटं झडत नाहीत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बधिर हातापायांना न कळत होणाऱ्या जखमा, भाजणं आणि त्यात शिरणारा पू यामुळे हाडं झिजत जातात. चुलीवरचा तवा, चहाचा स्टीलचा गरम पेला, ओठापर्यंत न जाता बोटातच जळत राहिलेली विडी, आणि आपल्या रानात पऱ्हाटीचं धसकट. शिवाय बधिर भागाला घाम येत नाही, कातडी कोरडी पडून तडकते. चालताना चवड्याखाली तीच जागा पुन्हा पुन्हा दाबली जाते आणि आतून व्रण फुटतो. दुखत असतं तर माणूस लंगडला असता, म्हणजे पायाला विश्रांती मिळाली असती.

यावरचा उपाय घरातलाच आहे. रोज संध्याकाळी पाय साध्या पाण्यात वीसेक मिनिटं बुडवून ठेवायचे. घट्टे वजरीनं हलक्या हातानं घासायचे. पाय ओले असतानाच घरात असेल ते गोडेतेल लावायचं, म्हणजे ओल आत राहते. मग आरसा धरून किंवा घरच्या माणसाला दाखवून तळवा बघायचा: लाल डाग, फोड, रुतलेला काटा. जखम असेल तर स्वच्छ फडकं बांधून पाय टेकायचा नाही. मलमापेक्षा विश्रांतीनं व्रण जास्त भरतात. हातावर पोट असलेल्या मजुराला ‘विश्रांती घ्या’ सांगणं सोपं नाही, याची जाणीव सांगणाऱ्यानं ठेवावी. म्हणूनच जखम होण्याआधीची चप्पल महत्त्वाची. आतून मऊ, सच्छिद्र एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबर, खालून काट्याला दाद न देणारा कडक तळ, मागे पट्टा, आणि खिळा एकही नाही. ही चप्पल कार्यक्रमातून मोफत मिळते. ती ‘त्या रोगाची चप्पल’ म्हणून ओळखू येऊ लागली तर कोणी घालत नाही, त्यामुळे चारचौघांसारखी दिसणारी चप्पल बनवणं हासुद्धा उपचारच आहे.

बोटं आखडलेली किंवा पाऊल लोंबकळत असेल तर शस्त्रक्रिया होते. चांगल्या चालणाऱ्या स्नायूची कंडरा मूळ जागेवरून सोडवून लुळ्या भागाला जोडतात. त्याआधी औषधांचा कोर्स पुरा व्हावा लागतो, काही महिने रिअॅक्शन नसावी लागते आणि व्यायामानं सांधे मोकळे करावे लागतात. नंतर तीन-चार आठवडे प्लास्टर, आणि मग खरं काम: नव्या जागी बसलेल्या स्नायूला नवं काम शिकवणं. मुठीत विळा धरता येतो, शर्टाचं बटण लावता येतं. स्पर्श मात्र परत येत नाही, म्हणून वजरी आणि आरसा सुटत नाहीत. मजुरी बुडते म्हणून शस्त्रक्रियेनंतर सरकार रोख मदतही देतं.

पुनर्वसनाचा विचार विदर्भाला नवा नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठधाम उभं केलं, अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन. आणि मुकुटबनहून वणीमार्गे वर्धा नदी ओलांडली की वरोरा येतं. तिथं वकिली केलेल्या बाबा आमटे यांनी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये प्रशिक्षण घेतलं, १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ साली विनोबांच्या हस्ते आनंदवन सुरू झालं. खडकाळ जमिनीत रुग्णांनीच विहिरी खणल्या, शेतं केली, पुढं हातमाग, छपाई, सुतारकाम उभं राहिलं. दानाची भाकरी नाकारून हाताला काम देणं हेच इथलं औषध ठरलं. याच समितीचा एक प्रकल्प झरी-जामणी तालुक्यातच, मूळगव्हाणला आहे. तिथं कोलामांसोबत पाण्याचं आणि शेतीचं काम चालतं. समाजानं बाहेर काढलेल्यांनी उभी केलेली संस्था दुसऱ्या उपेक्षितांच्या बांधावर जाते, यापेक्षा पुरं पुनर्वसन मला ठाऊक नाही.

तरी आता वसाहत हे उत्तर नव्हे. रुग्णानं स्वतःच्या घरात राहून बरं व्हावं, हीच आजची दिशा आहे. कायदाही हळूहळू तिकडे वळला: ब्रिटिशांनी केलेला कुष्ठरुग्णांविषयीचा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठमुक्त व्यक्तींचाही समावेश आहे, आणि २०१९ पासून कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण राहिलेलं नाही.

देशपातळीवर २००५ अखेर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण झाले, तेव्हा रोग संपल्यासारखं वाटलं. तो संपलेला नाही. जगातले निम्म्याहून अधिक नवे रुग्ण अजून भारतातच सापडतात, आणि पूर्व विदर्भ त्यात मागे नाही. तेव्हा घरात कोणाला हा रोग झाला असेल तर बाकीच्यांनी पुढची पाच वर्षं, दर वर्षी एकदा, अंग तपासून घ्यावं आणि प्रतिबंधक रिफॅम्पिसिनच्या एका डोसबद्दल आरोग्य केंद्रात विचारावं. पाठीवरचा चट्टा स्वतःला दिसत नाही, म्हणून एकमेकांची पाठ बघावी. न दुखणारा, न खाजणारा डाग दिसला तर त्याच आठवड्यात जावं. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध, दोन्ही मोफत आहेत.