तरकशातले पाच बाण

जर्मनीच्या अरण्यप्रदेशात प्रथमच सावज टिपणाऱ्या तरुणास शिकारीचा म्होरक्या एक डहाळी देतो. ओक, स्प्रूस, पाइन, फर आणि आल्डर या पाच वृक्षांपैकीच एखाद्याची ती डहाळी असावी, तिला पडलेल्या पशूच्या रक्ताचा किंचित स्पर्श व्हावा आणि सुरीच्या पात्यावर किंवा टोपीवर ठेवून ती नवशिक्याच्या हाती द्यावी, असा तेथील जुना दस्तूर आहे. टोपीच्या उजव्या अंगास ती खोवून तरुण आपल्या मंडळीत वावरतो. पण त्याच वेळी तशीच दुसरी डहाळी मृत पशूच्या मुखात शेवटचा घास म्हणून ठेवली जाते, आणि माझ्या मते या विधीचे सारे मर्म त्या दुसऱ्या डहाळीत आहे, कारण ज्या क्षणी मुलाच्या अंगी पराक्रमाची धुंदी चढावयाची त्याच क्षणी वडीलधारा माणूस त्याला घेतलेल्या जिवाचे ऋण मान्य करावयास लावतो. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतून बापाची अथवा आजोबाची वापरलेली सुरी वा बंदूक मुलाला देतात, त्यामागेही हाच भाव असतो. बाजारातून नवी करकरीत वस्तू आणणे सोपे असते. परंतु देणाऱ्याच्या हाताने झिजलेली वस्तू मिळाली म्हणजे तिच्याबरोबर त्याचा संयमही आपल्याकडून अपेक्षिला जात आहे, हे घेणाऱ्यास न सांगता उमजते.

अशा देणगीचे आपल्या मराठवाड्यातील सर्वांत थोर उदाहरण नांदेडच्या गोदाकाठी घडले, आणि त्याचा आरंभ एका शिकारीतूनच झाला होता. इ. स. १६७० मध्ये जम्मूकडील राजौरी येथे जन्मलेल्या लछमन देव नावाच्या मुलास मृगयेचा मोठा नाद होता. परंपरा सांगते की पंधराएक वर्षांच्या वयात त्याने एका हरिणीस बाण मारला, ती गाभण निघाली आणि तिच्या उदरातील पाडसे त्याच्या डोळ्यांदेखत तडफडून मेली. त्या दृश्याने त्याचे चित्त असे विदीर्ण झाले की शस्त्र टाकून, घरदार सोडून तो बैराग्यांच्या मेळ्यात गेला, माधोदास झाला, भ्रमंती करीत नाशिकच्या पंचवटीस पोहोचला, तेथे योगविद्या शिकला आणि अखेर नांदेडास गोदावरीच्या तीरी मठी बांधून राहिला. पहिल्या शिकारीच्या वेळी त्याच्या पाठीशी कोणी जाणता माणूस उभा नव्हता, आणि त्या अभावाची किंमत त्याने वर्षानुवर्षांच्या विरक्तीने मोजली, असे मला नेहमी वाटत आले आहे.

तो जाणता माणूस त्याला १७०८ मध्ये भेटला. बादशहा बहादूरशहाच्या छावणीबरोबर दक्षिणेत उतरलेले गुरू गोविंदसिंग नांदेडास आले, माधोदासाच्या मठीत गेले, आणि अल्पावधीतच हा बैरागी त्यांचा शिष्य बंदासिंग झाला. पंजाबात परतून अन्यायाचा प्रतिकार करण्याची कामगिरी त्याच्यावर सोपविताना गुरूंनी त्याला आपल्या स्वतःच्या तरकशातले पाच बाण दिले. सोबत निशाण, नगारा, पंजाबातील शिखांच्या नावे हुकूमनामे आणि सल्लामसलतीसाठी पाच अनुभवी साथीदारही दिले. ज्या हाताने एका हरिणीवर बाण सोडल्यावर पुन्हा धनुष्य उचलले नव्हते, त्याच हातात बाण ठेवण्याचे धैर्य त्या गुरूने दाखविले, आणि साथीदार सोबत देऊन शस्त्राला विवेकाची जोडही दिली. १७१० मध्ये छप्परचिरीच्या रणात सरहिंदच्या फौजदाराचा पराभव करणारा, आणि १७१६ मध्ये दिल्लीस अनन्वित छळ सोसून वीरमरण पत्करणारा बंदासिंग बहादूर तो हाच.

ही देणगी समजून घ्यावयाची तर नांदेडचे दोन घाटही पाहावे लागतात. हिराघाटाची आख्यायिका अशी की बादशहाने नजर केलेला मौल्यवान हिरा गुरूंनी गोदावरीत फेकून दिला. नगिनाघाटाची आख्यायिकाही एका श्रद्धावान व्यापाऱ्याने अर्पण केलेल्या रत्नाविषयी तेच सांगते. ज्या पात्रात हिरे सोडून दिले त्याच पात्राच्या काठावर लोखंडाच्या टोकाचे असोत वा सोन्याने मढविलेले, पाच बाण जपून एका नवशिक्याच्या स्वाधीन केले गेले, यावरून कोणती वस्तू जपावी आणि कोणती सोडावी याचा निवाडा त्या पुरुषाने कसा केला ते दिसते. नांदेडच्या सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वारात आजही गुरूंची शस्त्रे जतन केलेली आहेत. त्यांत ३५ बाण, दोन धनुष्ये आणि रत्नजडित ढाल यांचा समावेश होतो. शिकारघाट नावाचे गुरुद्वाराही नांदेडच्या परिसरात आहे, आणि तेथील कथेत गुरूंच्या बाणाने पडलेल्या सशाला, म्हणजे पूर्वजन्मीच्या एका भक्ताला, मोक्ष मिळाल्याचे सांगतात. शिकारीच्या स्मृतीलाही या भूमीने मुक्तीचे रूप दिले आहे.

लातूरकडे नवशिक्याच्या हाती काही ठेवण्याची हीच परंपरा तालमीच्या मातीत नांदते. गावच्या जत्रेत हलगी कडाडू लागली म्हणजे प्रथम रेवड्यांच्या कुस्त्या लागतात: लहान पोरे लंगोट कसून उतरतात, आणि विजेत्याच्या मुठीत रेवड्या पडतात, फेटा, नारळ, चांदीचे कडे आणि गदा या पायऱ्या नंतरच्या. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार याच मातीतून वर आले, १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७० च्या एडिंबरो येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले; पुढे स्वतः वस्ताद होऊन त्यांनी कितीएक पोरांना घडविले.

शिकार मात्र आता आपल्याकडे उरलेली नाही, आणि ती न उरली हेच इष्ट. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिच्यावर बंधन आले आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची उरलीसुरली वाटही बंद झाली. या कायद्याची एक बाजू मात्र पुष्कळ घरांना ठाऊक नसते: आजोबांच्या काळातील वाघनख सोन्यात मढवून नातवाच्या गळ्यात घालणे, किंवा भिंतीवरचे काळविटाचे शिंग प्रेमाने भाच्यास देणे, हेही आज गुन्ह्यात मोडू शकते, कारण अशा वस्तूंचे हस्तांतरण कायद्याने निषिद्ध आहे आणि वारसाहक्कापुरतीच त्यात सवलत आहे. प्रेमाची खूण म्हणून दिलेली वस्तू घेणाऱ्याला अडचणीत आणू नये, एवढी काळजी वडीलधाऱ्यांनी घ्यावयास हवी.

मग द्यावे काय? याचे उत्तर मुंबईतील एका मुलाच्या चरित्रात आहे. १८९६ मध्ये जन्मलेल्या पक्षितज्ज्ञ सालिम अलींना लहानपणी शिकारीचा शौक असलेल्या मामांकडून छऱ्याची बंदूक मिळाली. तिने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसल्याने ते कुतूहलाने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे गेले. मिलार्डसाहेबांनी पोराला हाकलून न देता पक्ष्यांचा संग्रह दाखविला, पक्ष्यांची कातडी सोलून टिकविण्याची विद्या शिकविण्याची तयारी दर्शविली आणि वाचावयास पुस्तके दिली. त्यांत साताऱ्यास जन्मलेल्या ‘एहा’ अर्थात एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांचे मुंबईच्या पक्ष्यांवरील पुस्तकही होते. १९३१-३२ मध्ये ज्या हैदराबाद संस्थानात आजचे नांदेड व लातूर जिल्हे मोडत, त्याच संस्थानाचे पक्षिसर्वेक्षण सालिम अलींनी केले. मामाची बंदूक आणि मिलार्डचे पुस्तक, दोन्ही भेटी वडीलधाऱ्यांच्याच होत्या. परंतु पहिलीने हात शिकविला आणि दुसरीने डोळा.

माझे स्पष्ट मत आहे की किनवट-माहूरच्या रानात किंवा पैनगंगेच्या अभयारण्यात पोराला प्रथम घेऊन जाणाऱ्या वडिलांनी, काकांनी, मास्तरांनी आपली वापरातली दुर्बीण, तिचा झिजलेला पट्टाही न बदलता, त्याच्या गळ्यात घालावी. आणि पहिला पक्षी त्याने ओळखला म्हणजे त्याचे नाव, जागा आणि वेळ त्याच्याच हस्ताक्षरात वहीत लिहून घेऊन खाली आपलीही सही करावी.