स्नेक प्लांट आणि आपली काळी माती

हल्लीं सुशिक्षित घरांच्या दिवाणखान्यांत सरळ उभ्या, जाड पानांचें एक झाड वारंवार दृष्टीस पडूं लागलें आहे. हिरव्या पानांवर करडे आडवे पट्टे, एखाद्या जातीस पिवळी किनार. बाजारांत त्यास स्नेक प्लांट म्हणतात. त्याच्या योगें साप घरांत येतो असें कोणी म्हणतात, तर येत नाहीं असें कोणी. वास्तविक सर्पाशीं त्याचा संबंध पानांवरील पट्ट्यांपुरताच आहे.

हें झाड मूळचें पश्चिम आफ्रिकेंतील. परंतु त्याचें एक भावंड आपल्याच देशांतलें आहे. त्याच्या चिवट तंतूंच्या धनुष्याच्या दोऱ्या करीत. संस्कृतांत त्यास मूर्वा म्हणतात, व मूर्वेची दोरी ती मौर्वी. मनुस्मृतींत ब्राह्मण बटूस मुंज गवताची मेखला सांगितली आहे, तर क्षत्रिय बटूस मूर्वेची. मूर्वा ह्या नांवानें मोरवेलीसारख्या इतरही वनस्पती ओळखतात, हें खरें. तथापि हें कुळ आपणांस अगदींच परकें वाटूं नये.

आतां जोपासनेविषयीं. आमच्या वर्धा जिल्ह्यांत हें झाड उन्हानें क्वचित् मरतें. तें मरतें पाण्यानें. मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर गेला कीं प्रत्येकास त्याची कींव येते. सासूबाई पूजेचें उरलेलें पाणी घालतात, सूनबाई भाजी धुतलेलें, मुलें तांब्यांतलें. वास्तविक हें झाड पानांचीं सूक्ष्म छिद्रें मुख्यतः रात्रीं उघडून कार्बन डायॉक्साइड वायु घेतें, म्हणून दिवसां त्याचें पाणी फारसें उडत नाहीं. त्यांत आपली काळी माती! कपाशीस ती माउली, कारण ती ओल धरून ठेवते. पण ह्याच गुणानें ती कुंडींत ह्या झाडाचा घात करते. मातींतील जाड मूळखोड कुजतें, पानें बुडाशीं मऊ व पिवळीं होऊन कलंडतात. आणि घरचीं माणसें पाणी कमी पडलें असें समजून आणखी घालतात. परिचितांच्या घरीं आम्हीं हें अनेकदां पाहिलें आहे.

ह्यास उपाय सोपा आहे. दोन वाटे माती, दोन वाटे नदीची जाड वाळू व एक वाटा जुनें शेणखत घ्यावें. कुंडी मातीची व बुडाशीं भोंक असलेली असावी. बोट दोन पेरें खोल घालून पाहावें. ओल लागल्यास पाणी घालूं नये. उन्हाळ्यांत दहा-बारा दिवसांनीं व हिवाळ्यांत तीन-चार आठवड्यांनीं पाणी पुरतें. पावसाळ्यांत बोटाचाच कौल घ्यावा. पूर्वेच्या खिडकीजवळचा उजेड उत्तम. वैशाखाचें थेट ऊन पानें भाजतें. मुख्य म्हणजे कुंडी घरांतील एकाच व्यक्तीकडे, शक्य तर एखाद्या मुलाकडे, सोंपवावी. त्यास विचारल्यावांचून इतरांनीं थेंबही घालूं नये.

हें झाड घरांतील हवा शुद्ध करतें, असें विक्रेते सांगतात. १९८९ सालीं अमेरिकेंतील नासा संस्थेच्या प्रयोगांत बंद पेटींतील कांहीं विषारी वायु झाडांच्या योगें कमी झाले, हें खरें. परंतु घर म्हणजे बंद पेटी नव्हे. २०१९ सालीं संशोधकांनीं अशा अनेक प्रयोगांचा हिशेब मांडला, तेव्हां इमारतींत एरवीं होणाऱ्या वायुवीजनाइतकें काम होण्यास दर चौरस मीटरीं निदान दहा झाडें लागतील असें दिसलें. सबब धूर झाल्यास खिडकी उघडावी. झाड शोभेसाठीं ठेवावें.

घरीं रांगतें मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर असावी. पानांत सॅपोनिन नांवाचें द्रव्य असतें. पान चावल्यास मळमळ व वांती होते.

नवें झाड करावयाचें तर पानाचा तुकडा वाळूंत रोवला तरी सावकाश मूळ धरतो. मात्र पिवळ्या किनारीच्या जातीचें पान लावल्यास रोप निव्वळ हिरवें निघतें. किनार टिकावयाची तर मूळखोडासह फुटवाच वेगळा केला पाहिजे. सासरीं जाणाऱ्या लेकीस किंवा नोकरीनिमित्त दूर बिऱ्हाड थाटणाऱ्या मुलास असा एक फुटवा अवश्य द्यावा, आणि पाणी बेतानें घालण्यास सांगावें.